हवामान बदलते आहे, उद्याच्या नर्सेस तयार आहेत का?

वाचकहो, या वेळी सदराची सुरुवात पाच वाक्यांनी करते. हाताशी कागद-पेन असेल तर घ्या आणि प्रत्येक वाक्याला एक ते सात यांपैकी गुण द्या. वाक्य अजिबात पटत नसेल तर एक, पुरेपूर पटत असेल तर सात.

पहिले वाक्य: हवामान बदल हा नर्सिंगच्या दृष्टीने महत्त्वाचा विषय आहे. दुसरे: हा विषय नर्सिंगच्या अभ्यासक्रमात असायला हवा. तिसरे: निसर्गाची साधने जपून वापरणे हा नर्सिंगच्या दृष्टीने महत्त्वाचा विषय आहे. चौथे: तोही अभ्यासक्रमात असायला हवा. आणि पाचवे: मी स्वतः माझ्या घरी ही काटकसरीची तत्त्वे पाळते किंवा पाळतो.

ही प्रश्नावली माझी नाही. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठात जॅनेट रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी तयार केली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटन, जर्मनी, स्पेन आणि स्वित्झर्लंड या चार देशांतल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून ती भरून घेतली होती. पुढे चार अरब देशांतल्या विद्यार्थ्यांनाही असेच विचारले गेले. देशादेशांत फरक दिसला, पण हा विषय आपल्या कामाचा नाही असे म्हणणारे विद्यार्थी कुठेच बहुसंख्य नव्हते. प्रश्न उरतो तो शेवटच्या वाक्याचा. पटणे ही एक गोष्ट, आणि हाताने करणे ही दुसरी.

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना काय वाटते, याच्याशी आपल्यासारख्या सत्तरी-ऐंशीतल्या माणसांचा काय संबंध, असे कोणी विचारेल. संबंध अगदी जवळचा आहे. उष्णतेच्या लाटेत, वणव्याच्या धुरात, पुरात सर्वांत आधी आजारी पडतो तो आपल्या वयाचा माणूस. त्या दिवशी दवाखान्यात आपला हात धरणारी नर्स आज कॉलेजात शिकते आहे. ती काय शिकते आणि काय करते, हे आपल्याला ठाऊक असायला हवे.

माझा गट

मी मुंबईत नर्सिंग शिकले आणि पुढे मेलबर्नला आले. इथल्या एका मोठ्या रुग्णालयात वर्षानुवर्षे काम करून निवृत्त झाले. आता आठवड्यातून दोन-तीन दिवस नर्सिंगच्या विद्यार्थ्यांबरोबर वॉर्डमध्ये जाते. या कामाला इथे क्लिनिकल फॅसिलिटेटर म्हणतात. ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत नर्स होण्यासाठी तीन वर्षांची पदवी लागते आणि त्यात किमान ८०० तास प्रत्यक्ष रुग्णांमध्ये काढावे लागतात. त्याला प्लेसमेंट म्हणतात. मी मुलांच्या मागे उभी राहते, शिकवते आणि शेवटी त्यांचा अहवाल लिहिते.

गेल्या वर्षीच्या एका गटात आठ जण होते. दोघी नेपाळच्या, एक केरळची, एक पंजाबचा मुलगा, एक फिलिपिन्सची, आणि तिघे इथेच जन्मलेले. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्यापुढे हीच पाच वाक्ये ठेवली. पहिल्या चारांना बहुतेकांनी सहा आणि सात दिले. पाचव्याला चार, पाच, एकाने तीन. आठ जणांची उत्तरे म्हणजे काही संशोधन नव्हे. पण नंतर ती मुले जे बोलली ते ऐकण्यासारखे होते.

केरळच्या मुलीने ऑगस्ट २०१८ चा पूर पाहिला होता. त्या पुरात केरळमध्ये चारशेहून अधिक माणसे गेली. तिच्या आजोबांच्या मधुमेहाच्या इन्सुलिनसाठी शेजाऱ्यांनी होडीतून बर्फ आणला होता. इथल्या तिघांपैकी एक मुलगा न्यू साउथ वेल्समधल्या लिस्मोरचा. २८ फेब्रुवारी २०२२ रोजी तिथल्या विल्सन्स नदीचे पाणी १४.४ मीटरपर्यंत चढले आणि लोक घराच्या छपरावर बसून राहिले. त्या वेळी तो बारावीत होता. सदर्न क्रॉस विद्यापीठाच्या आवारात उघडलेल्या आसरा केंद्रात त्याने आपल्या आजीबरोबर रात्री काढल्या. आजीच्या गोळ्यांची डबी पाण्यात गेली होती, आणि कोणती गोळी कशासाठी होती हे तिला सांगता येत नव्हते. या मुलांना हवामान बदल म्हणजे काय हे पुस्तकातून शिकवावे लागत नाही. घरूनच शिकून आली आहेत.

जुनेच शिक्षण, नव्या नावाने

हवा, पाणी, ऊन आणि नर्सिंग यांचा संबंध आज जोडला गेलेला नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नर्सिंगवरच्या प्रसिद्ध पुस्तकाचे पहिलेच प्रकरण खोलीतली हवा खेळती आणि ऊबदार ठेवण्याविषयी आहे. याच नाइटिंगेलबाईंनी ल्यूसी ऑस्बर्न आणि पाच नर्सेस यांना जहाजाने सिडनीला पाठवले. १८६८ साली सिडनी इन्फर्मरीत त्या आल्या आणि ऑस्ट्रेलियात शिस्तबद्ध नर्सिंगची सुरुवात झाली. त्यांनी आधी काय केले, तर घाण, उंदीर-ढेकूण आणि कोंदट हवा यांच्याशी झगडा. औषधाची बाटली नंतर आली.

आपल्या समाजाचेही या पेशाशी नाते जुने आहे. किती घरांत एखादी मावशी, आत्या, मोठी बहीण नर्स होती हे वाचकांना सांगायला नको. डॉ. जेरुशा झिराड १९२८ ते १९४७ या काळात मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या, आणि १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या पिढीच्या डॉक्टर आणि नर्सेस बाळंतिणीच्या खोलीची खिडकी आधी पाहत.

आमच्या शिक्षणाच्या काळात काहीच फेकले जात नसे. काचेच्या सिरिंजा उकळायच्या. रबरी हातमोजे धुवायचे, वाळवायचे, फुगवून भोक आहे का बघायचे, पावडर लावायची. रात्रपाळीला गॉजच्या घड्या घालून ड्रम भरायचा आणि ऑटोक्लेव्हला पाठवायचा. हे मी विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा ती हसतात. पण त्या काळाचे गोडवे मी गात नाही. नीट न उकळलेल्या सुयांनी कावीळ पसरत असे, हे खरे आहे. १९८० नंतर एड्स आला आणि रक्ताला हात लावताना हातमोजे हवेतच, सुई एकदाच वापरायची, हा नियम जगभर झाला. त्याने लाखो जीव वाचले. नंतर मात्र जे रक्तासाठी होते ते सगळ्यासाठी झाले. आज मुलगी रुग्णाचा रक्तदाब घ्यायला जाते तेव्हाही हातमोजे चढवते.

वॉर्डात काय घडते

२०१८ साली लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ या नियतकालिकात एक अभ्यास आला. ऑस्ट्रेलियाच्या एकूण कार्बन उत्सर्जनापैकी सुमारे ७ टक्के आरोग्यसेवेतून होते, असे त्यात आढळले. त्यातला मोठा वाटा रुग्णालयांचा आणि औषधांचा. म्हणजे ज्या धुराने माणसे आजारी पडतात, त्यात आजार बरे करणाऱ्यांचाही हिस्सा आहे. भूल देण्यासाठी वापरला जाणारा डेस्फ्लुरेन नावाचा वायू कार्बन डाय ऑक्साइडपेक्षा सुमारे अडीच हजार पट अधिक उष्णता धरतो. स्कॉटलंडने २०२३ साली त्याचा वापर थांबवला, आणि इतर ठिकाणीही तो कमी होतो आहे. पण तो डॉक्टरांचा प्रांत. विद्यार्थिनीच्या हातात काय असते ते पाहू.

तिच्या हातात हातमोजे असतात. रक्त, लघवी-शौच, उघडी जखम, तोंडाच्या आतला भाग, कर्करोगाची औषधे यांच्याशी संबंध असेल तर ते हवेतच. पण चादर बदलताना, व्हीलचेअर ढकलताना, घास भरवताना, नाडी पाहताना बहुतेक वेळा स्वच्छ धुतलेले हात पुरतात. उलट हातमोजे घातले की हात धुण्याचा विसर पडतो आणि एका रुग्णाचे जंतू दुसऱ्याकडे जातात. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयात २०१८ साली नर्सेसनी गरज नसताना हातमोजे न घालण्याची मोहीम काढली. वर्षभरात सुमारे २१ टन प्लास्टिक वाचले.

तिच्या हातात ब्लूई असते. एकदा वापरून फेकायच्या निळ्या पॅडला इथे लाडाने ब्लूई म्हणतात. आणि तिच्याच कपाटात कायली असते. कायली म्हणजे जाड, पाणी शोषणारी, धुऊन पुन्हा वापरायची चादर. रुग्णाच्या अंगाखाली कायली असली की बऱ्याचदा ब्लूईची गरज नसते. तरी एका रुग्णाखाली तीन-तीन ब्लूई अंथरलेल्या मी रोज पाहते.

आणि तिच्यासमोर कचऱ्याचे डबे असतात. पिवळ्या डब्यातला कचरा जाळण्यासाठी किंवा खास प्रक्रियेसाठी जातो आणि साध्या कचऱ्यापेक्षा कितीतरी महाग पडतो. त्यात चहाचा कागदी पेला टाकला की तोही महाग होतो. मेलबर्नच्या वेस्टर्न हेल्थ या संस्थेत २००९ साली सलाईनच्या रिकाम्या पिशव्या, ऑक्सिजनचे मास्क आणि नळ्या वेगळ्या काढायला सुरुवात झाली. हे प्लास्टिक चांगल्या प्रतीचे असते, त्याच्या बागेत पाणी घालायच्या नळ्या होतात. पुढे ही पद्धत देशातल्या अनेक रुग्णालयांत गेली. पण पिशवी योग्य डब्यात पडते की नाही, हे शेवटी पलंगाशेजारी उभी असलेली नर्सच ठरवते.

मग मुले का करत नाहीत?

मी गटाला हेच विचारले. पंजाबच्या मुलाने सरळ सांगितले, "सिस्टर, मी इथे पाहुणा आहे. वॉर्डची नर्स हातमोजे घालून चादर बदलते, तिच्यासमोर मी उघड्या हाताने बदलली तर ती म्हणेल, याला स्वच्छता कळत नाही. माझा अहवाल तिच्या सांगण्यावर आहे."

हे उत्तर मला महत्त्वाचे वाटते. विद्यार्थी आळशी नाहीत आणि उदासीनही नाहीत. पण प्लेसमेंटवर नापास होणे म्हणजे एक सत्र वाया जाणे, आणि परदेशातून आलेल्या मुलांसाठी त्याचा अर्थ हजारो डॉलरची फी आणि व्हिसाची काळजी. घरी वडिलांनी जमीन गहाण ठेवून पाठवलेले असते. असा मुलगा वॉर्डच्या पद्धतीला प्रश्न विचारणार कसा? तो शहाणपणाने गप्प बसतो. तीन वर्षे गप्प बसला की सवय होते, आणि मग तोच दुसऱ्यांना तसे शिकवतो.

दुसरे कारण अभ्यासक्रमाचे. हवामान आणि आरोग्य हा विषय सगळीकडे सारखा शिकवला जात नाही. कुठे एखादे व्याख्यान, कुठे सार्वजनिक आरोग्याच्या विषयातला एक भाग. परीक्षेत जे येत नाही ते मुले वाचत नाहीत, हे नर्सिंगपुरते नाही. तिसरे कारण वेळेचे. सहा रुग्ण, सहा जणांची औषधे, दोन जणांना शौचालयात न्यायचे, एकाला घरी सोडायचे. अशा वेळी डबा कोणता हे बघायला क्षणभरही जड वाटतो.

सरकारी पातळीवर हालचाल आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाने आरोग्य आणि हवामान यांचे पहिले राष्ट्रीय धोरण जाहीर केले. ते जाहीर करणाऱ्या तेव्हाच्या सहायक आरोग्यमंत्री गेड कर्नी स्वतः नर्स होत्या आणि नर्सेसच्या संघटनेच्या पदाधिकारी राहिल्या आहेत. धोरण चांगले आहे. पण धोरण कागदावर असते आणि ब्लूई पलंगावर. मधला पूल वरिष्ठ नर्सेसनी बांधायचा आहे. म्हणून आता मी प्लेसमेंटच्या पहिल्याच दिवशी वॉर्डच्या प्रमुख नर्सला भेटून सांगते की माझी मुले कधी हातमोजे घालतील आणि कधी घालणार नाहीत, आणि का. एवढे केले की मुलांची भीती जाते. त्या गटाने शेवटच्या आठवड्यात स्वतःहून औषधांच्या खोलीत डब्यांवर चित्रे चिकटवली.

मेलबर्नने शिकवलेले तीन धडे

कचरा वाचवणे हा या विषयाचा एक भाग. दुसरा आणि अधिक तातडीचा भाग म्हणजे हवामानाने आजारी पडलेला माणूस ओळखणे. याबाबत मेलबर्नने आम्हाला तीन कठीण धडे दिले.

पहिला जानेवारी २००९ चा. २८ ते ३० जानेवारी असे तीन दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता. तिसऱ्या दिवशी ४५.१. त्यातच वीज गेली. त्या आठवड्यात व्हिक्टोरिया राज्यात नेहमीपेक्षा ३७४ जास्त मृत्यू झाले, आणि त्यांत सर्वाधिक वाढ ७५ वर्षांवरच्या माणसांत होती. पुढच्याच आठवड्यात, ७ फेब्रुवारीला, वणव्यांत १७३ माणसे गेली. त्या वणव्यांची आठवण सगळ्यांना आहे, त्यांची स्मारके आहेत. उष्णतेने गेलेले ३७४ जण मात्र गाजावाजा न होता गेले.

दुसरा २१ नोव्हेंबर २०१६ चा. संध्याकाळी वादळ आले. इथे वसंतात राय गवताला फुलोरा येतो. वादळाच्या ओलाव्याने परागकण फुटतात, त्यांचे बारीक तुकडे वाऱ्याबरोबर खाली येतात आणि थेट फुप्फुसात जातात. पुढच्या तीस तासांत श्वासाच्या त्रासाने रुग्णालयांत नेहमीपेक्षा तीन हजारांहून अधिक जास्त माणसे आली. दहा जण दगावले. त्या रात्री मी कामावर होते. दम लागलेली माणसे एकामागून एक येत होती आणि बरीचशी म्हणत होती, "मला दमा नाही, नुसती सर्दी-शिंका असतात." त्यांत आपल्याकडचे चेहरे किती होते! नंतरच्या अभ्यासांतही भारतीय आणि श्रीलंकन मूळ असलेल्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने बरेच जास्त आढळले. म्हणून मेलबर्नमध्ये ज्यांची मुले-नातवंडे राहतात त्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात शिंका, डोळ्यांना खाज असा त्रास होत असेल, तर दमा नसला तरी डॉक्टरांना विचारून निळा पफर जवळ ठेवावा, आणि वादळी दमट हवेचा इशारा असेल तेव्हा घरात, खिडक्या लावून बसावे.

तिसरा २०१९-२० च्या उन्हाळ्याचा. वणव्यांत प्रत्यक्ष ३३ माणसे गेली. पण पूर्व ऑस्ट्रेलियावर आठवडेच्या आठवडे पसरलेल्या धुराने ४१७ मृत्यू ओढवले असावेत, असा अंदाज संशोधकांनी मांडला. सिडनीजवळच्या पेनरिथमध्ये ४ जानेवारी २०२० रोजी तापमान ४८.९ अंश होते.

आणि हे फक्त ऑस्ट्रेलियाचे नाही. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेत नेहमीपेक्षा १,३४४ जास्त मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला. दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांना उष्माघात ओळखायला शिकवले. आपल्या रायगड जिल्ह्यात ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, आणि ज्या गावांवरून आपली आडनावे पडली त्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. दिवेआगर-श्रीवर्धनकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. वीज नाही म्हणजे पंखा नाही, फ्रिज नाही, आणि फ्रिज नाही म्हणजे इन्सुलिनही नाही.

आता आपल्या घराकडे

वय वाढले की घाम कमी येतो, तहान उशिरा लागते आणि कातडीकडे जास्त रक्त पाठवताना हृदयाची दमछाक होते. त्यात आपल्या गोळ्या. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी अंगातले पाणी कमी करते. वारंवार लघवीसाठी, पार्किन्सनसाठी दिलेली काही औषधे आणि ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्या घाम अडवतात. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. पण उन्हाळा सुरू होण्याआधी सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे किंवा औषधाच्या दुकानातल्या फार्मसिस्टकडे जा आणि विचारा: फार उकाडा झाला तर यातल्या कशाबाबत मी काळजी घ्यायची?

पंख्याबद्दल एक माहिती. हवा फार तापली की पंखा गार करत नाही, गरम हवाच अंगावर फेकतो. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर काम केले आहे. तरुणांसाठी ही मर्यादा सुमारे ३९ अंश, वयस्करांसाठी ३८, आणि घाम अडवणारी औषधे घेणाऱ्या वयस्करांसाठी ३७. त्याच्या वर नुसत्या पंख्यावर विसंबू नका. हात, मान, चेहरा ओल्या फडक्याने पुसत राहा, पाय पाण्यात सोडा, जमल्यास वाचनालय किंवा मॉलसारख्या वातानुकूलित जागी जाऊन बसा. अलिबागेचा उकाडा आणि मेलबर्नचा उकाडा वेगळा. कोकणात हवा दमट, घाम वाळतच नाही. इथे उत्तरेचा कोरडा वारा, घाम कधी आला आणि कधी वाळला ते कळतही नाही आणि अंगातले पाणी निघून जाते. पाणी थोडे थोडे पण सारखे प्या. कोकमाचे सरबत उत्तम. मात्र मधुमेह असेल तर साखर आणि हृदयाचा विकार असेल तर मीठ बेताने. ज्यांना हृदयामुळे पाणी मोजून सांगितले आहे त्यांनी डॉक्टरांचेच ऐकावे.

रोजाबद्दलही सांगते. बिरड्याचा रोजा इथे ऐन थंडीत येतो, पण लोद, रामला, दिमोना इथल्या आपल्या माणसांसाठी तो ऐन उन्हाळ्यात. लघवीची गोळी, इन्सुलिन किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर रोजाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांशी बोला. आदल्या दिवशी विचारून उपयोग नाही, गोळ्यांच्या वेळा बदलायला दिवस लागतात.

धूर असेल तेव्हा खिडक्या बंद, फिरायला जाणे बंद, बाहेर पडावेच लागले तर साधा कापडी मास्क नको, पी-टू मास्क हवा. आणि पुरातल्या त्या आजीच्या डबीवरून एक शिका. सगळ्या औषधांची नावे, मात्रा आणि वेळा एका कागदावर लिहून एक प्रत पाकिटात ठेवा, दुसरी मुलाकडे किंवा मुलीकडे द्या. घरात न वापरलेली औषधे साठवू नका. ऑस्ट्रेलियात औषधाच्या दुकानात ती परत घेतात, रिकामे पफरसुद्धा. आणि गरजेपेक्षा जास्त औषधे आणूच नका. आरोग्यसेवेच्या त्या ७ टक्क्यांत औषधांचा वाटा मोठा आहे, हे वर सांगितलेच.

उष्माघाताची खूण कोणती? माणूस असंबद्ध बोलू लागतो, चालताना झोक जातो, अंग भट्टीसारखे तापते, कधी घाम थांबतो तर कधी नाही. अशा वेळी पाणी पाजत बसू नका. रुग्णवाहिका बोलवा: ऑस्ट्रेलियात तीन शून्य, महाराष्ट्रात १०८, इस्राएलमध्ये १०१. ती येईपर्यंत सावलीत निजवा, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडा आणि वारा घाला.

विद्यार्थी कुठे उपयोगी पडतात

माझ्या गटातल्या नेपाळच्या एका मुलीची गोष्ट सांगते. ८३ वर्षांच्या एका ग्रीक आजींना जानेवारीत घरी सोडायचे होते. कागदपत्रे तयार, औषधे तयार. ही मुलगी त्यांच्याजवळ बसली आणि छापील फॉर्ममध्ये नसलेले तीन प्रश्न तिने विचारले. घरात थंडाव्याची सोय आहे का? शेवटच्या मजल्यावर राहता का? उकाड्याच्या दिवशी तुम्हाला कोण फोन करते? एसी होता, पण विजेच्या बिलाच्या भीतीने आजी तो लावत नव्हत्या. फोन करणारे कोणीच नव्हते. मुलीने ते वॉर्डच्या सामाजिक कार्यकर्तीला सांगितले. बिलातल्या सवलतीचा अर्ज भरला गेला, आणि स्थानिक नगरपालिकेच्या यादीत आजींचे नाव लागले. एवढ्याला ना यंत्र लागले ना पैसा. मी तिच्या अहवालात हे ठळक लिहिले, कारण अहवालात चढले की मुलांना कळते की हेही नर्सिंग आहे.

आपल्या घरात कोणी नात किंवा नातू नर्सिंग शिकत असेल, तर त्यांना विचारा: उष्णतेबद्दल तुम्हाला काय शिकवले? माझ्या गोळ्या बघशील का? आणि तुम्ही स्वतः रुग्णालयात असाल आणि समोर भांबावलेली विद्यार्थिनी उभी असेल, तर तिच्याशी दोन शब्द बोला. तिने उघड्या, धुतलेल्या हाताने तुमची नाडी पाहिली तर तक्रार करू नका. आणि तिने हात धुतले नसतील तर मात्र प्रेमाने आठवण करा, तो तुमचा हक्क आहे.

शेवटी एक काम आपण सगळ्यांनी करण्यासारखे आहे. २००९ साली जे गेले त्यांतले बरेच जण घरात एकटे होते. आपल्या लोकांत शुक्रवारी दुपारी एकमेकांना शब्बाथ शालोमचा फोन करण्याची पद्धत आहे. उन्हाळ्यात, पारा ३५ च्या वर जाईल त्या प्रत्येक दिवशी, तो शुक्रवार असो वा नसो, असाच एक फोन करा. एकट्या राहणाऱ्या एकाच माणसाचे नाव निवडा. त्यांना विचारा: सकाळपासून किती पेले पाणी प्यालात? खोलीत किती गरम आहे? आज रात्री कोणी येणार आहे का? उत्तरे नीट येत असतील तर दोन गप्पा मारा आणि ठेवा. उत्तरे विचित्र येत असतील, किंवा फोन उचललाच गेला नाही, तर थांबू नका. जवळ राहणाऱ्या कोणालातरी दार ठोठवायला पाठवा.